वाघाचा व्ही

आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला वाघ काढता येत नव्हता. त्यावरून मला जेवढं ऐकून घ्यावं लागलं तेवढं माझं लग्न लांबल्यावरूनही लागलं नाही, आणि तेही काही थोडंथोडकं नव्हतं.

साठचं दशक सरत आलं होतं. गणितात एम.एस्सी. करून मी बेंगळूरच्या एका मोठ्या कारखान्यात आकडेमोडीच्या विभागात लागले होते. कारखाना शहराबाहेर पूर्वेला, महादेवपुऱ्याच्या वाटेवर. तेव्हा तिथे नाचणीची शेतं होती आणि कंपनीची बस त्यांच्यामधून धुरळा उडवत जायची. सुरुवातीला आम्ही हाताने फिरवायच्या यंत्रांवर बेरजा-गुणाकार करायचो. मग कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी एक खोली थंड केली गेली आणि आत जाताना चपला बाहेर काढायचा नियम झाला. आमच्या विभागातला शिपाई तर पहिले काही दिवस दाराशी हात जोडूनच आत यायचा.

त्या मशीनला काही सांगायचं तर भोकं पाडलेली कार्डं त्याच्या तोंडात घालायची. त्याने उत्तर द्यायचं ते एका टाइपरायटरवर. तो कुणाचा हात न लागता आपला आपण खडखडायचा. त्याला इंग्रजी मोठी अक्षरं यायची, आकडे यायचे, शिवाय अधिक, उणे, फुली, टिंब अशी मूठभर चिन्हं. त्यापलीकडे काही नाही.

जेवणाच्या सुट्टीत मशीन रिकामं असायचं. तेवढ्या वेळात, रोज थोडं थोडं करत, मी त्याच्यासाठी एक खेळ लिहिला. खेळ भुयाराचा होता. मशीन मनाशी एक भुयार रचायचं, दर वेळी नवं. तुम्ही त्यात अडकलेले. टाइपरायटर तुमच्या आजूबाजूचा तेवढाच तुकडा छापून दाखवायचा: भिंतीच्या जागी फुल्या, वाटेच्या जागी टिंबं, आणि मधोमध एक एम. तो एम म्हणजे मी. कुठे वळायचं ते एक आकडा दाबून सांगायचं, की टाइपरायटर खडखडून पुढचा तुकडा छापायचा. बाहेरचं दार शोधायचं, एवढंच काम. पण भुयारात एक वाघही होता. तुम्ही एक घर सरकलात की तोही एक घर सरकायचा. तो लांब असेपर्यंत कागदावर यायचाच नाही. जवळ आला की टिंबांच्या रांगेत एका टोकाला एक व्ही उमटायचा.

तो व्ही पहिल्यांदा उमटला तेव्हा मी खरंच खुर्ची मागे सरकवली होती. खेळ मीच लिहिलेला, वाघ कसा चालतो ते मला पाठ, तरीही.

माझ्या शेजारच्या टेबलावर बेळगावकडचा एक सहकारी होता. मराठी आणि कानडी दोन्ही त्याच्या घरच्याच भाषा. खेळ बघून तो खूश झाला, दोनदा वाघाच्या तोंडी गेला आणि मग म्हणाला, "पण व्ही का?"

"वाघाचा व्ही."

"अहो, इथं किती लोकांना वाघ कळतो? हुली म्हणतात इथं. एच करा."

"मग तमिळ माणूस आला की काय करू? आणि साहेब? साहेबांना टी लागेल."

"म्हणून सांगतो," तो म्हणाला, "चित्र असतं तर ही कटकटच नव्हती. चित्राला भाषा नसते."

मला त्याचा राग आला, कारण तो म्हणत होता ते खरं होतं. मी व्ही बदलला नाही.

हे बोलणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत नव्हते. आमचं घर बसवनगुडीत. पूर्वज कधी काळी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले, त्यामुळे घरात मराठी, पण अर्ध्या गोष्टींना कानडी नावं, आणि थोरल्या भावाला दादा न म्हणता अण्णा. माझा अण्णा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. पन्नासच्या दशकात, आम्ही शाळेत असताना, दोघं मिळून चौकटीच्या कागदावर भुयारं काढून खेळायचो. एकाने नकाशा लपवून धरायचा, दुसऱ्याने "डावीकडे, सरळ" असं सांगत वाट काढायची. माझ्या नकाशात राक्षस म्हणजे रा, विहीर म्हणजे वि. पाच मिनिटांत नकाशा तयार. अण्णाची पाळी आली की तो राक्षसाच्या मिशा काढत बसायचा. मग दात. मग दातांतून लोंबणारं हाड. दुपार सरायची, आई कॉफीला हाक मारायची, आणि नकाशात एक अप्रतिम राक्षस आणि दोन भिंती एवढंच तयार असायचं.

"अण्णा, खेळायचं कधी?"

"स्वल्प थांब गं. त्याला डोळे तरी येऊ देत."

मी रडून कागद फाडल्याचंही आठवतं. पुढे त्याने चित्रकलेचं शिक्षण घेतलं आणि जाहिरातींची चित्रं काढणाऱ्या एका स्टुडिओत तो कामाला लागला. साबण, बिस्किटं, सायकली. हात विलक्षण होता त्याचा. ते मी कधीच नाकारलं नाही.

आमच्या विभागाच्या साहेबांनी एकदा मला आणि सहकाऱ्याला खेळताना पकडलं. मला वाटलं, आता नोकरी गेली. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. कारखान्यात कुटुंबांचा दिवस साजरा होणार होता. कामगारांच्या, अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना आत आणून सगळे विभाग दाखवायचे. इतरांकडे मोठाल्या भट्ट्या, क्रेन. आमच्याकडे काय? एक कपाट आणि एक टाइपरायटर. साहेबांना दाखवायला काहीतरी हवंच होतं.

मी मोठ्या उत्साहाने त्यांना खेळ दाखवला. कागद वर सरकला, फुल्या आणि टिंबं उमटली, कोपऱ्यात व्ही आला.

"सर, हा वाघ."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कुठे?"

"हा. व्ही."

"हा व्ही आहे," साहेब म्हणाले. "मला तर ही हजेरी वाटते. लोक इथे मुलं घेऊन येणार आहेत. वाघ म्हटलं तर वाघ दिसायला नको?"

मी सांगायचा प्रयत्न केला. तो दिसत नाही म्हणूनच भीती वाटते, तो नुसता जवळ आहे एवढंच कळतं, वगैरे. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि भिंतीवर एक मोठा रंगवलेला फलक लावायचं ठरवून टाकलं. फलकावर भुयाराचं चित्र, त्यात वाघ. मशीन सांगेल तसं कुणीतरी चित्रावर दाखवत जायचं. चित्रकार आहे का कुणी ओळखीचा?

सहकारी माझ्याकडे बघायला लागला. अण्णाबद्दल त्याला माहीत होतं. मी गप्प राहिले असते तर बरं झालं असतं, पण राहिले नाही.

अण्णाला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. पानावरून तसाच उठला. "भुयार? वाघ? अगं, साबणाच्या वड्या काढून काढून बोटं वाकडी झालीत माझी! कसं आहे तुझं भुयार?"

"दर वेळी वेगळं असतं."

"मग मी काढू काय?"

इथून माझी चिडचिड सुरू झाली. फलक एकच, म्हणजे भुयारही एकच हवं. मी प्रोग्रॅम बदलला, मशीनची नवं भुयार रचण्याची सगळी हुशारी काढून टाकली आणि एकच ठरलेला नकाशा त्याला दिला. खेळाचा जीवच गेला होता, पण मी मनाला समजावलं की एका दिवसापुरतंच तर आहे. मग अण्णा म्हणाला, वाघ चालतो तर तो पुठ्ठ्याचा कापून वेगळा करू, खिळ्यांवर अडकवून पुढेमागे सरकवता येईल. सरी, ठीक आहे. मग म्हणाला, खेळणाऱ्याचाही एक पुठ्ठा हवा. तेही सरी. मी मशीनला प्रत्येक वेळी दोघांची जागा आकड्यांत छापायला शिकवलं, म्हणजे फलकाशी उभं राहणाऱ्याला ती वाचून पुठ्ठे हलवता येतील.

आणि मग एका रविवारी मी फलक बघितला. सुरेख होता. ओली दगडी भिंत, एका मशालीचा उजेड, आणि वाघ तर असा की त्याच्या श्वासाचा वास यावा. पण उजवीकडची एक आख्खी वाट गायब.

"अण्णा, इथली वाट?"

"तिने तोल जात होता चित्राचा. तिथे काळोख हवा होता."

"अरे, नकाशात आहे ती! मशीनला ती ठाऊक आहे!"

"मग मशीनला सांग ना, बुजवली म्हणून. तुझ्या दोन फुल्यांचं काम."

ते खरंच दोन फुल्यांचं काम होतं. ती कार्डं पुन्हा पंच करताना मी इतकी चिडले होते की चुकीच्या ठिकाणी भोकं पाडली आणि आख्खा गठ्ठा पुन्हा करावा लागला. अण्णाचं चित्र बदलत नव्हतं, आणि माझा प्रोग्रॅम बदलता येतो हाच त्याचा गुन्हा झाला होता.

कुटुंबांचा दिवस उजाडला. आमच्या थंड खोलीत माणसं मावेनात. अण्णा चक्क कोट घालून आला होता. फलकाशी तोच उभा राहणार, असं साहेबांनी आदल्या दिवशी ठरवून टाकलं होतं. सहकारी टाइपरायटरशी, तो छापलेले आकडे मोठ्याने वाचणार. मी मशीनशी. खेळणारा एक आकडा दाबायचा, टाइपरायटर खडखडायचा, सहकारी ओरडायचा, अण्णा पुठ्ठे सरकवायचा. कागदाकडे कुणीही बघत नव्हतं. टाइपरायटरच्या आवाजाने एका बाईंनी कानावर हात ठेवले. सगळ्यांच्या नजरा फलकावर, आणि फलकावर वाघ पहिल्यापासून उघड दिसत असल्यामुळे त्याच्या वाटेला कुणी जातच नव्हतं. मुलं तर दाराकडे बोट दाखवून मोकळी व्हायची. भीती नाही, शोध नाही, काही नाही. तरी टाळ्या पडत होत्या. "काय वाघ काढलाय!" एवढंच ज्याच्या त्याच्या तोंडी.

मग कारखान्याचे सर्वांत मोठे साहेब आले, नातीला घेऊन. असेल पाच-सहा वर्षांची. तिला स्टुलावर उभं केलं. योगायोग असा की अण्णाने खेळणाऱ्याचा पुठ्ठा म्हणून लाल फ्रॉकमधली एक मुलगी काढली होती, आणि ही पोरगीसुद्धा लालच फ्रॉक घालून आलेली. लोकांना गंमत वाटली. पोरीला नाही. तिने फलकावर स्वतःला बघितलं आणि ती घाबरली. घाबरून भलतेच आकडे दाबायला लागली, आणि दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी सरळ वाघाच्या दिशेने निघालं.

मला आत कुठेतरी आनंद झाला, हे कबूल करते. खेळ पहिल्यांदाच खेळासारखा चालला होता.

वाघ एका घरावर आला. पोरीने आणखी एक आकडा दाबला. टाइपरायटर खडखडला. एमच्या जागी व्ही उमटला, खाली "खेळ संपला" अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापली गेली, आणि मशीन थांबलं. सहकाऱ्याने आकडे वाचले. अण्णाने पुठ्ठ्याचा वाघ खिळ्यावरून उचलला.

"बेडा!" पोरगी ओरडली. नको. "बेडा, बेडा!" ती रडायला लागली.

अण्णाने हातात वाघ धरून तिच्याकडे बघितलं. मग त्याने तो दोन वळणं पलीकडे, काळोखातल्या खिळ्यावर नेऊन अडकवला आणि लाल फ्रॉकवाल्या मुलीला एक घर दाराकडे सरकवलं. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरगी डोळे पुसून हसली आणि पुढचा आकडा दाबायला लागली. दाबतेय, दाबतेय. मशीन ढिम्म.

"का थांबलं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"सर, खेळ संपला," मी म्हणाले. "वाघाने खाल्लं."

"खाल्लं?" त्यांनी फलकाकडे हात केला. "वाघ तर तिकडे आहे!"

"सर, ते चित्र चुकलंय. इथे बघा, कागदावर..." मी कागद फाडून त्यांच्यापुढे धरला. एम नाहीसा झाला होता, त्याच्या जागी व्ही. याहून स्पष्ट काय असणार? त्यांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फलकाकडे बघितलं.

"समोर दिसतंय ना," मागून कुणीतरी म्हणालं. "मशीन चुकलं." आणि लोक हसले. एवढं मोठं मशीन, आणि पोरीच्या खेळात चुकलं!

आमचे साहेब पुढे झाले. "प्रोग्रॅममध्ये किरकोळ चूक राहिली आहे, सर. ती दुरुस्त केली जाईल."

मी अण्णाकडे बघितलं. तो फलकाशी उभा होता. त्याला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरे होतं. तो खिळ्यावरचा वाघ सरळ करत राहिला.

परतीच्या बसमध्ये मी त्याच्याशेजारी बसले नाही. तोच उठून माझ्याजवळ आला.

"तू सांगायचं होतंस," मी म्हणाले. "मशीन बरोबर होतं. मी बरोबर होते."

"पोरगी रडत होती गं."

"मशीनने तिला खाल्लं नव्हतं! एका एमला खाल्लं होतं. एम रोज मरतो. मी त्याला शंभरदा मारलाय."

"तिला कुठे एम दिसत होता? तिला ती दिसत होती. लाल फ्रॉक मी घातला होता तिला. माझ्याच हाताने तिला वाघाच्या तोंडी कसा देऊ?"

मी आणखी चिडले. माझ्या खेळात माणूस हसत हसत मरायचा आणि लगेच दुसरं भुयार मागायचा. अण्णाच्या चित्रापुढे एका मरणानेच खोलीचं तोंड उतरलं असतं. पण हे सगळं मला तेव्हा असं सांगता आलं नाही. मी म्हणाले, "तुझ्यामुळे माझी नाचक्की झाली." आणि खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, मशीन कामासाठी आहे, खेळ बंद. शिवाय "ती चूक" शोधून लेखी कळवावी. मी लिहून दिलं की चूक आढळली नाही. कागद परत आला. पुन्हा तपासावं. मी पुन्हा तेच लिहिलं. तेव्हा बोलावणं आलं.

"मी स्वतः बघितलं," साहेब म्हणाले. "वाघ तिकडे होता."

मी बाहेर आले. फलक मात्र त्यांनी आपल्या केबिनमध्ये लावून घेतला, वाघासकट.

अण्णाशी मी बरेच दिवस कामापुरतंच बोलत होते. आईने मध्ये पडायचा प्रयत्न केला. "भांडण कशावरून आहे ते तरी सांगा," ती म्हणाली. आम्ही दोघांनीही सांगून बघितलं. तिला ते भांडणाचं कारण वाटेना.

मग एका शनिवारी, साहेब बाहेरगावी असताना, जेवणाच्या सुट्टीत अण्णा ऑफिसात येऊन उभा राहिला. सहकाऱ्याने त्याच्यासाठी गेटवरून पास आणवला होता. दोघांनी आपसांत ठरवलेलं दिसत होतं.

"मला तुझा खेळ खेळायचाय," अण्णा म्हणाला. "तुझावाला. फलक नको."

जुनी कार्डं मी टाकली नव्हती. ती घातली. मशीनने नवं भुयार रचलं. अण्णा टाइपरायटरशी बसला आणि मी त्याच्या खांद्यावरून बघत उभी राहिले. तो प्रत्येक तुकडा नीट वाचायचा, बोटाने टिंबांवरून वाट काढायचा, मग आकडा दाबायचा. मनापासून खेळत होता. उजव्या टोकाला व्ही उमटला तेव्हा मी दचकले. तो नाही. त्याने शांतपणे त्याच बाजूचा आकडा दाबला.

"अण्णा! वाघ!"

"कुठाय? हां, हा." तो मागे टेकला. "खरं सांगू? मला काही दिसत नाही गं. तुला दिसतो?"

"दिसायचा नसतोच तो."

"पण तुझ्या डोक्यात असेलच ना. कसा आहे? म्हातारा आहे? लंगडतो? पट्टे कसे आहेत?"

मी विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या वाघाला तोंडच नव्हतं. कधीच नव्हतं. मला त्याची चाल ठाऊक होती, तो किती घरं लांब आहे ते ठाऊक होतं, आणि भीती वाटायला मला तेवढंच लागत होतं.

"तो नुसता असतो," मी म्हणाले.

अण्णा कागदाकडे बघत राहिला. "मग यात मी काय करायचं?" त्याने विचारलं. मला आधी वाटलं, तो पुढची चाल विचारतोय. मी म्हणाले, "डावीकडे वळ." तो वळला नाही. त्याला चाल विचारायची नव्हती, स्वतःची जागा विचारायची होती, हे कळायला मला घंटा होऊन तो निघून जाईपर्यंत वेळ लागला.

पुढे ते मशीन गेलं, दुसरं आलं. नव्या मशीनची भाषा वेगळी होती आणि माझी कार्डं त्याला वाचता येत नव्हती. खेळ पुन्हा लिहायचं दोन-तीनदा मनात आलं. मग माझं लग्न झालं, कामं वाढली, आणि ते राहिलं ते राहिलंच. अण्णाने स्टुडिओ सोडून स्वतःचं काम सुरू केलं आणि चांगलं नाव काढलं.

पाहुणे आले की तो मात्र हटकून सांगायचा, "आम्ही दोघांनी मिळून कॉम्प्युटरचा वाघ केला होता बरं का! साऱ्या बेंगळूरात पहिला."

"मिळून नाही," मी म्हणायची. "वाघ माझा होता. तुझं चित्र होतं."

"तेच ते."

"तेच नाही, अण्णा."

पाहुणे कॉफीच्या पेल्यात बघत बसायचे.